खाल्ल्या मिठाला जागणारी प्रेते

गेली 6 वर्षे लिहीत असलेल्या 11 भयकथांचा माझा संग्रह छपाईला गेला आहे. त्यातल्या 4 कथा झोंबींच्या आहेत हे कळल्यापासून इंदूरमधली ओळखीची माणसे मला एकच प्रश्न विचारतात: आपल्याकडे प्रेताला अग्नी देतात, मग उठून चालणार कोण? प्रश्न रास्त आहे. लिहायला बसले तेव्हा मीही याच प्रश्नाशी अडले होते, म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर देते.

झोंबी म्हटले की माणसांचे लचके तोडत फिरणारा जमाव डोळ्यांपुढे येतो. हे रूप त्याला 1968 साली जॉर्ज रोमेरो यांच्या अमेरिकन चित्रपटाने दिले. त्या चित्रपटात 'झोंबी' हा शब्द मात्र एकदाही येत नाही. मूळचा झोंबी हैतीचा. तो मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात होता तेव्हा आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम तिथल्या उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबवले जात. 1791 साली गुलामांनी उठाव केला, 1804 साली देश स्वतंत्र झाला, पण एक भीती लोककथांत उरली: मेल्यावरही सुटका नाही, मांत्रिक प्रेत उठवील आणि पुन्हा कामाला जुंपील. हा झोंबी कुणाला चावत नाही, सांगितलेले काम मुकाट करत राहतो. चुकून मिठाचा कण जिभेवर आला तर मात्र त्याला भान येते, आपण मेलेलो आहोत हे उमगते आणि तो आपल्या थडग्याकडे चालू लागतो.

हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण मराठीत 'खाल्ल्या मिठाला जागणे' म्हणतो ते धन्याशी इमान राखण्याला. तिथे मीठ खाऊन जागा झालेला माणूस धन्याचे काम टाकून निघून जातो. या दोन जागण्यांच्या मधोमध मला माझे आजोबा बसलेले दिसले.

आजोबा इथल्या एका कापड मिलमध्ये लूमखात्यात होते. मिल बंद पडली, थकलेली देणी त्यांच्या हयातीत मिळाली नाहीत, भोंगाही थांबला. तरी ते पहाटे त्याच वेळेला उठत, विरलेला खाकी सदरा चढवत आणि पितळी डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहत. ऊन अंगावर आले की डबा न उघडता आत येत. आजी दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा भरून देई. मी तेव्हा 8 वर्षांची होते. "आजोबा, कुठे निघालात?" असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांना मी कोण ते क्षणभर आठवले नाही. ती नजर मी अजून विसरलेले नाही. संग्रहातल्या झोंबींची नजर तीच आहे.

पाचव्या कथेतला मिल कामगार असाच एके दिवशी नाहीसा होतो. प्रेत न सापडल्यामुळे घरचे पालाशविधी करतात, म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पुतळा जळला, देह तसाच राहिला: मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. एका रात्री बंद मिलचा भोंगा वाजतो आणि तो दारात उभा राहतो. मीठ लागले तर हा जाईल, हे बायकोला कळलेले असते. म्हणून ती त्याच्यासाठी अळणी पिठले करू लागते, आणि चुकून वाढायचा डाव बदलू नये म्हणून मुलांनाही तेच वाढते. भाकरीचे पीठ मळताना तिचा हात मिठाच्या बरणीकडे जातो आणि थांबतो, एवढ्या एका हालचालीवर मी 2 पाने खर्च केली आहेत. पुढे काय होते ते इथे सांगत नाही.

हे सगळे परदेशातून उचललेले आहे, असेही काहींचे म्हणणे आहे. ते मला मान्य नाही. प्रेतात शिरून बोलणारा वेताळ आपल्याकडे 11व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहून ठेवला आहे. राजाने मौन मोडले की खांद्यावरचे प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकते. लोकांच्या तोंडी तो राजा म्हणजे उज्जैनचा विक्रम, अगदी आमच्या शेजारचा. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना वाचत आमची पिढी वाढली, तरीही भयकथा म्हटली की कपाटाच्या खालच्या फळीचे पुस्तक असेच अजून मानले जाते. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण घरात कुणी न बोललेले दुःख मला याच कथांतून लिहिता आले.

रक्तपात या संग्रहात थोडा आहे. रक्ताने किळस येते, भीती वाटते ती ओळखीच्या माणसाने अनोळखी नजरेने पाहिले की, असे माझे मत आहे. तिसऱ्या आणि नवव्या कथेत मात्र कुजणाऱ्या देहाचे वर्णन आहे, तेव्हा लहान मुलांच्या हाती पुस्तक देऊ नका. आणि ज्यांच्या घरी नुकतेच कुणी गेले आहे, त्यांनी पाचवी कथा सध्या बाजूला ठेवावी.