फुकटचा तंबोरा

लॅपटॉपला ॲम्प्लिफायर आणि मोठे स्पीकर जोडले, आणि गाणं लावायच्या आधीच घरात तंबोरा सुरू झाला. हंऽऽऽ. लॅपटॉपचा आवाज वाढवला तरी हंऽऽऽ, कमी केला तरी तेवढाच. पार शून्यावर नेला, तर मैफलीला उलट अधिकच रंग चढला.

बरं, खरा तंबोरा असता तर खुंट्या पिळून सुरात तरी लावला असता. हा लागलेला विजेच्या मर्जीने. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांची, असेल तर साधारण पेटीवरची पांढरी पाच, तीही किंचित चढी. त्यात १०० हर्ट्झचा, म्हणजे वरच्या सप्तकातला सूरही मिसळलेला. ६० हर्ट्झच्या देशात गेलात तर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळणार. काळी एकमध्ये गाणाऱ्याला जगात कुठेच न्याय नाही.

घरात काही बिघडलं की सल्ल्यांना तोटा नसतो. मुलगी म्हणाली, "बाबा, ड्रायव्हर अपडेट करा." केला. ड्रायव्हर नवा आला, हंऽऽऽ जुनाच राहिला. मग मेव्हण्याने सूत्रं हाती घेतली. "दाजी, केबलच टुकार आहे तुमची. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांची घ्या." तशी घेतली. सोन्यावर गंज चढत नाही हे खरंच, पण आमच्या तक्रारीत गंजाचा उल्लेख कुठे होता? नव्या केबलमधून हंऽऽऽ इतका स्वच्छ आला, की त्यातल्या बारीकसारीक जागाही कळू लागल्या. एक जागा तर खास होती: माउस फिरवला की मागून बारीक किर्रर्र, थांबवला की बंद. लॅपटॉपच्या पोटात जी काही धावपळ चालते, तीही हळूच गाण्यात शिरत होती.

शेवटी मी चार्जर उपसला. हंऽऽऽ बंद! परत लावला, परत हंऽऽऽ. मग मेव्हण्याने स्वतः काढून पाहिला, कारण माझ्या काढण्यावर त्याचा विश्वास नव्हता. मग मुलीने. बायकोने लांबूनच विचारलं, "आता हा नवा खेळ आहे का?"

खेळाला ग्राउंड लूप म्हणतात. लॅपटॉप चार्जरमार्फत एका सॉकेटमधून अर्थिंगला जोडलेला, ॲम्प्लिफायर दुसऱ्या सॉकेटमधून, आणि वर या दोघांना ऑडिओ केबलनेही जोडलेलं. झालं वर्तुळ पूर्ण. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा एवढासा फरक असतो. तेवढ्या फरकावर केबलच्या आतल्या तारेभोवती असते त्या जाळीतून करंट फिरायला लागतो आणि ॲम्प्लिफायर त्यालाही गाणं समजतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. कानावर येईल ते मोठं करून सांगायचं, एवढंच त्याला शिकवलंय. असे नातेवाईकही असतात.

निदान ऐकताच मेव्हणा पक्कड घेऊन उभा. "सोप्पंय दाजी. चार्जरची ती जाडी पिन तोडू, म्हणजे अर्थिंगच नको."

एरवी मी भांडत नाही, पण या वेळी पक्कड त्याच्या हातातून काढून घेतली. उपकरणात बिघाड होऊन धातूच्या भागात वीज उतरली, तर ती त्या पिनेच्या वाटेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल, तर ती आपल्या वाटेने जाते. हंऽऽऽ गेला, पाठोपाठ श्रोतेही गेले, असली मैफल मला नको होती.

त्याऐवजी दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावले. दोघांचं अर्थिंग जवळजवळ एकाच जागी आल्यामुळे हंऽऽऽ बराच उतरला, पण शांत रात्री कान देऊन बसलं की आहेच. मुलगी म्हणाली, "ब्लूटूथ का नाही लावत? वायरच नाही, तर लूप कसला?" बिनतोड मुद्दा. पण आमचा ॲम्प्लिफायर ब्लूटूथच्या आधी जन्मलेला.

मग आणला आयसोलेटर. दोन्ही टोकांना वायरी लोंबणारी काळी डबी, आत इवलेसे दोन ट्रान्सफॉर्मर, डाव्या-उजव्या कानासाठी एकेक. प्रत्येकात दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी, पण एकमेकींना न टेकता. गाणं चुंबकाच्या जोरावर पलीकडे जातं, अर्थिंगचा करंट मात्र अलीकडेच अडतो. डबी लावली आणि हंऽऽऽ साफ गेला. मी विजयी मुद्रेने ख्याल लावला.

मेव्हणा डोळे मिटून ऐकत होता. तबला सुरू झाल्यावर डोळे उघडून म्हणाला, "दाजी, डग्गा कुठे गेला?"

खरंच गेला होता. स्वस्तातल्या डबीतला ट्रान्सफॉर्मर फार छोटा असतो, खर्जातले सूर त्याला झेपत नाहीत. चांगल्या दर्जाचा घेतला तर झेपतात, फक्त मग किंमत पाहून आपल्याला झेपत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे दोन पद्धतींनी गाणं होतं: डबी लावून, चार्जरवर, डग्ग्याविना, किंवा डबी काढून, बॅटरीवर, डग्ग्यासकट. बॅटरी जुनी आहे, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीत विलंबित लावत नाही. थेट द्रुत.