वहीतली दोस्ती

वसईत पापडीच्या तळ्याकाठी रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर आमचा कट्टा भरतो. या रविवारी विषय शोधावा लागला नाही. दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करायच्या ख्रिस्ती संस्काराच्या, मुलांना झालेला उपदेश सगळ्यांनीच ऐकला होता: श्रद्धा दोस्तीतून पोचवा. माझी मुलगी याच तुकडीत आहे, त्यामुळे मी कान देऊन बसलो होतो.

सरपंच (हे त्यांचं टोपणनाव, आवाजावरून पडलेलं) टेकायच्या आधीच सुरू झाले. "नुसतं सांगून काय होतंय? प्रत्येक पोराला वही द्या. पाच मित्रांची नावं लिहायची आणि महिन्याला हिशेब द्यायचा!"

"भिशी काढताय का?" मावशींनी विचारलं.

मावशींनी तीस वर्षं फुलांच्या पाट्या घेऊन पहाटेच्या लोकलने दादर गाठलं. त्यांच्यापुढे सरपंचांचा आवाज एक पट्टी उतरतो.

अण्णा निर्मळचे. शंकराचार्यांच्या समाधीचं देऊळ त्यांच्या घरापासून चार पावलांवर. ते शांतपणे म्हणाले, "माझा पोरगा दर डिसेंबरला तुमच्या पोरांबरोबर नाताळच्या गोठ्यासाठी पेंढा आणतो. वहीत आपला तिसरा नंबर होता हे त्याला कळलं, तर पुढच्या वर्षी येईल तो?"

कोणी बोललं नाही. मग वकिलांनी घसा साफ केला. कलम 25 धर्माचा प्रचार करायचा हक्क देतं, पण 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की प्रचार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे.

"मग काय, पोरांनी तोंडाला कुलूप लावायचं?" सरपंच उसळले. "कवी ना. वा. टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या माणसाने नवा करार दिला, म्हणून तर ख्रिस्ती मराठीला टिळक मिळाले!"

"1893," मास्तरांनी तारखा लावल्या. "बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895. आणि त्यापायी लक्ष्मीबाई काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, तेही सांगा की."

"गाडीतला माणूस पुस्तक देऊन उतरून गेला," मावशी म्हणाल्या. "पुढची दोन वर्षं टिळकांची स्वतःची. वहीवाला काही उतरत नाही, मानगुटीवरच बसतो."

मला खरी भीती वेगळीच आहे. माझी मुलगी मैत्रिणींना गळाला लावेल असं मला वाटत नाही. पण अकरावीत गेल्यापासून तिच्या गळ्यातला क्रूस कपड्यांच्या आत गेलाय. हे बोलून दाखवलं तेव्हा मावशी माझ्याकडे वळल्या.

"गप्प बस असं मी कुठे म्हणतेय? गाडीतल्या माझ्या मैत्रिणीचा नवरा हॉस्पिटलात होता. मी उशाशी बसून रोझरी, आमची जपमाळ, म्हणत होते. तिने विचारलं, काय पुटपुटतेस? सांगितलं. सगळं सांगितलं. आजही ती सोमवार करते, आणि सप्टेंबरात माझ्याबरोबर वांद्र्याला मोतमाऊलीलाही येते. विचारल्यावर लपवलं असतं, तर मैत्रीण कसली मी?"

सरपंचांनी हुकमाचा एक्का काढला. "कार्लो अकुतिस! पंधराव्या वर्षी गेलेला पोर, 7 सप्टेंबर 2025 ला संत झाला. घरात कामाला असलेल्या हिंदू माणसाला त्याने ख्रिस्ती केलं की नाही?"

मला राहवलं नाही. त्या राजेश मोहूरने त्या मुलाला रोज मिस्सेला जाताना पाहिलं होतं, रस्त्यावर झोपणाऱ्यांना खायला नेऊन देताना पाहिलं होतं. तो विचारत गेला, कार्लो सांगत गेला. संध्याकाळी मुलीला मी हेच सांगणार होतो: क्रूस बाहेर राहू दे, कोणी विचारलं तर मनापासून सांग, आणि ती हो म्हणो की नाही, तिच्या डब्यातलं खायचं सोडू नकोस.

"ठीक," सरपंच नमले नाहीतच. "पण वही तरी ठेवा."

"तुझ्या वहीतले पाच कोण?" अण्णांनी विचारलं.

सरपंचांनी बोटं मोडली. मास्तर, वकील, मी, मावशी. पाचव्या बोटाशी ते थांबले.

"लिही माझं नाव," अण्णा म्हणाले. "तीस वर्षांपूर्वी फायनलला मला रनआउट केलंस, तरी लिही. पण आधी निर्मळच्या जत्रेत माझ्या नावावर नेलेल्या सुकेळीचे पैसे टाक."

"दोन किलो होती," मावशींनी साक्ष दिली.

हसून हसून मास्तरांना ठसका लागला. सरपंच खिसे चाचपत चहा सांगायला उठले, आणि सहा चहा सांगून आले.