यंत्राचं गाणं माणसांच्या हातात

जूनमध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कला रात्रीचे दहा वाजत आले तरी आभाळात उजेड असतो. जुन्या गोदीच्या भागात दर उन्हाळ्यात एक भलामोठा तंबू उभा राहतो. ‘लाइव्ह ॲट द मार्की’ या नावाने २००५पासून तिथे मैफली होतात. मी पहिल्यांदा गेलो तो आरटीई कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रा ऐकायला. हा आयर्लंडच्या सार्वजनिक नभोवाणीचा वाद्यवृंद. २०१६ साली त्यांनी जेनी ग्रीन या रेडिओवरच्या डीजेला सोबत घेऊन ‘इलेक्ट्रिक पिकनिक’ महोत्सवात नव्वदच्या दशकातली क्लबमधली नाचाची गाणी वाजवली. ते लोकांना इतकं आवडलं की पुढची काही वर्षं उन्हाळ्यात ही जोडी गावोगावच्या मंचांवर दिसत राहिली.

ही गाणी जन्मली ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवर. इथे ती व्हायोलिन, चेलो आणि ट्रम्पेटवर होती. मी अगदी पुढे उभा होतो. डबल बासवाला चार सुरांची एकच ओळ न थकता ओढत होता. त्याच्या गजाचे दोन-तीन केस तुटून लोंबत होते, आणि मध्ये दोन मात्रांची उसंत मिळाली की तो शर्टाच्या बाहीने कपाळ टिपायचा. यंत्राला ही ओळ वाजवायला काहीच कष्ट पडत नाहीत. त्या माणसाला पडत होते, ते दिसत होतं, आणि म्हणूनच तंबूतल्या हजारो लोकांच्या अंगात ती ओळ भिनत होती.

त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर गावच्या जत्रेचा व्हिडिओ आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर, वर एक लॅपटॉप, आणि त्यातून हलगीचा ठेका. हलगी मात्र कुठेच नाही. खाली नेहमीचं भांडण. काका म्हणाले, परंपरेची वाट लावली. चुलतभाऊ म्हणाला, पोरांना हेच आवडतं, काळाबरोबर बदला. दोन दिवस हेच चाललं. दोघांचं वाचून मला वाटत राहिलं की हे दोघेही भलत्याच गोष्टीवर भांडतायत. जुन्यात नवं मिसळावं की नाही, हा वादच खोटा आहे. मिसळल्यावर वाजवणारी माणसं उरतात की जातात, हे विचारायला हवं.

मिसळण्याचं म्हणाल तर इथे आयर्लंडमध्ये काहीच सोवळं नाही. पबमध्ये संध्याकाळी सेशन बसतं, म्हणजे गोल बसून पारंपरिक चाली वाजवतात. त्यात बुझुकी हे तंतुवाद्य बहुधा असतं. ती मूळची ग्रीसची, १९६०च्या दशकात जॉनी मॉयनिहान या वादकाने ती आयरिश संगीतात आणली. बेंजो आला अमेरिकेतून. बार्नी मॅकेना या वादकाने तो व्हायोलिनसारखा खालच्या स्वरांत लावला आणि तीच पद्धत रूढ झाली. १९७०च्या दशकात हॉर्सलिप्स या बँडने जुन्या चालींवर इलेक्ट्रिक गिटार चढवली. डब्लिनची गायिका इमेल्डा मे पन्नासच्या दशकातलं रॉकाबिली, म्हणजे सुरुवातीचं अमेरिकी रॉक, गाता गाता हातात बोधरान, म्हणजे इथला डफ, घ्यायची. भांडणं त्यांच्याकडेही झाली, आणि कडाक्याची झाली. १९३५ साली तर कायद्यानेच सार्वजनिक नाचाला परवाना लागू झाला, आणि घराघरांत, चौकाचौकांत रंगणारे नाच बरेचसे आटले.

आपल्याकडे तरी काय वेगळं? संगीत नाटकाला साथ ऑर्गनची. पेटी परदेशी म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. आज पेटीविना भजन कुणाला सुचेल?

माझा मामा वाई तालुक्यात बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. आयर्लंडमधला बेंजो तो नव्हे. आपला बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला, जपानी वाद्यावरून आलेला बुलबुलतरंग. मामाच्या उजव्या हाताच्या बोटावर तारेने पडलेला घट्टा अजून आहे. वराती, मिरवणुका, हळदी. लग्नसराईत पार्टीतल्या आठ माणसांची घरं त्यावर चालायची. सिनेमाचं नवं गाणं आलं की आठवडाभरात ते बेंजोवर बसवलेलं असायचं. ती मिसळ नव्हती तर काय होतं? पण त्या मिसळीत आठ जणांना काम होतं. डीजे आला तेव्हा परंपरा आधुनिक झाली असं कुणी म्हणो, मला दिसलं ते एवढंच: आठ माणसांच्या जागी एक माणूस आणि एक जनरेटर.

इथे यंत्राचं गाणं माणसांच्या हातात दिलं जातं. आपण माणसांचं गाणं यंत्रात भरतो. मला त्रास याचा होतो, स्पीकरच्या आवाजाचा नाही.

यावर मित्र म्हणतात, तो श्रीमंत देश आहे, त्यांना परवडतं. खरं आहे. पण साधारण ५४ लाखांचा हा देश, म्हणजे माणसं आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. २०२२ साली त्यांनी २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रयोग सुरू केला, कशावर खर्च करायचे हे न विचारता. तेवढे पैसे आपल्याकडे नसतील. पण ट्रॉलीभर स्पीकरचं भाडं मंडळांना परवडतं, तेव्हा पैसाच नाही हे मला पटत नाही.

काकांनाही मला एक सांगायचंय. हलगी जपा म्हणणाऱ्या आमच्यापैकी कुणाच्या घरात हलगी नव्हती. ती ज्यांच्या गळ्यात होती त्यांना जातीमुळे ती वाजवावी लागायची, आणि मंडपात जेवायला शेवटी बसावं लागायचं. त्यांच्या मुलाने ती खाली ठेवली असेल तर त्याला दोष देणार नाही मी. आयर्लंडलाही हे चुकलेलं नाही. जॉनी डोरन हा भटक्या ट्रॅव्हलर समाजातला, पाइप म्हणजे हवेच्या पिशवीचं आयरिश वाद्य वाजवणारा, त्याचं वादन आज पाइप शिकणारे कान देऊन ऐकतात; पण त्या समाजाला स्वतंत्र वांशिक ओळख म्हणून मान्यता मिळायला २०१७ साल उजाडलं. वाद्याचा मान आणि वाजवणाऱ्याचा मान वेगळा ठेवून कुठलीच परंपरा जपता येत नाही. हलगी शिकायला सगळ्या आळ्यांतली मुलं बसली पाहिजेत, आणि वाजवणाऱ्याला आधी ठरलेले पैसे मिळाले पाहिजेत. मग तिच्याबरोबर गिटार वाजो, सिंथेसायझर वाजो, मला आनंदच आहे.

त्या रात्री घरी आल्यावर मी मामाला फोन केला. तिकडे पहाट झाली होती, तो उठलेलाच होता. सगळं सांगितलं, डबल बासवाल्याचं खास सांगितलं. त्याने लगेच विचारलं, “सुपारी कितीची होती रे त्यांची?”

म्हटलं, “सुपारी नाही मामा, त्यातल्या बहुतेकांना महिन्याचा पगार असतो.”

“वाजवायचा पगार?” तो म्हणाला. थोडा वेळ काहीच बोलला नाही, आणि मग पुन्हा विचारलं, “पावसाळ्यातसुद्धा?”