घरचं बी ठेवलं तर दंड? नाही, तसं काही नाही

'सांदवाडीतलं (परसबागेतलं) बी जपून ठेवलं, शेजाऱ्याला दिलं तर गुन्हा दाखल होतो' असा मेसेज पेरणीच्या तोंडावर गावागावांतल्या ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

२००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम ३९ उलटंच सांगतं. शेतकऱ्याला बी राखायला, पेरायला, परत पेरायला, अदलाबदल करायला, वाटायला आणि विकायलाही मुभा आहे. वाण संरक्षित असला तरी. मनाई एवढीच, की ते ब्रँडचं नाव लावून, लेबल चिकटवून विकायचं नाही. आजीनं गाडग्यात राखेत ठेवलेल्या बरबटीला (चवळीला) कोण लेबल लावतो!

मेसेजमधली अर्धी गोष्ट मात्र खरी आहे: 'हायब्रीडचं बी धरू नये.' पण त्याचं कारण कायदा नाही. संकरित झाडाच्या बियांतून पुढच्या वर्षी सारखी झाडं येत नाहीत, एवढंच. बरबटी, वाल, अंबाडी यांच्या गावरान वाणांचं बी बिनधास्त धरा. दुधीचं जरा जपून. मधमाश्या परागकण इकडचे तिकडे करतात. फळ कडू निघालं तर बीही ठेवू नका आणि भाजीही खाऊ नका.

शेंग वेलावरच वाळू द्या. दाणा दाताखाली कडकन फुटला की डब्यात भरा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजा. सोयाबीनचे ७० आले तरी चालतं.