नकाशातली सरळ रेघ चुकीची आहे

अब्राहामाच्या प्रवासावरच्या लेखात बायबलमधला अब्राहाम (आधीचं नाव अब्राम) ऊरहून (आजच्या दक्षिण इराकातलं प्राचीन शहर) थेट कनानात (आजचा इस्राएल-पॅलेस्टाईनचा भाग) गेला असं म्हटलंय आणि नकाशात वाळवंटातून सरळ रेघ ओढलीय. त्या वाटेने मेंढरं जगलीच नसती, पाणी कुठंय? म्हणून फरात नदीच्या कडेकडेने वर जायचं. ऊर ते हारान साधारण 1000 किमी (हारान आजच्या तुर्कस्तानात, सीरियाच्या सीमेजवळ), आणि तिथून खाली कनान. कळप दिवसाला 15-20 किमी चालला तरी खूप झालं.

शिवाय ऊरहून निघताना म्होरक्या अब्रामाचा बाप तेरह होता, अब्राम नव्हे. बायबलमधलं उत्पत्ती 11:31 पाहा. 12व्या अध्यायातली देवाची 'देश सोडून निघ' ही हाक हारानच्या मुक्कामानंतर येते. स्तेफन (पहिला ख्रिस्ती हुतात्मा) मात्र नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये 7 मध्ये ती हारानच्या आधीची सांगतो.

खरी गोची वयांची आहे. तेरहाच्या 70व्या वर्षी अब्राम झाला असं धरलं आणि तो 75व्या वर्षी निघाला, तर तेरह तेव्हा 145 वर्षांचा. पण तो वारला 205व्या वर्षी. स्तेफन म्हणतो, बाप मेल्यावर निघाला. शोमरोनी प्रतीत (शोमरोनी लोकांनी जपलेल्या मोशेच्या पाच पुस्तकांच्या प्रतीत) तेरहाचं आयुष्यच 145 दिलंय, तिथे हिशेब जुळतो. दुसरा तोडगा म्हणजे अब्राम तिघा भावांत थोरला नव्हताच, 70व्या वर्षानंतर झाला, नाव फक्त मानाने आधी आलं. मला हा जरा ओढूनताणून वाटतो.

आणि हो, अब्रामाचा भाऊ हारान आणि गाव हारान एक नव्हेत. हिब्रूत पहिलं अक्षर वेगळं आहे, मराठीत दोन्ही सारखेच दिसतात.

कनानात अब्रामाने बांधलेली दुसरी वेदीही शखेम गावात नाही. बेथेल पश्चिमेला, आय पूर्वेला, मध्ये तंबू, वेदी तिथे.