कपाळातली हाडाची गाठ आणि तो मेसेज

एक मेसेज सध्या फिरतोय. मला तो तीन ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या सोसायटीचा. मजकूर साधारण असा: सायनसच्या, म्हणजे कपाळ-चेहऱ्याच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्यांच्या, सीटीत ‘ऑस्टिओमा’ निघाला तर ती कॅन्सरची पहिली पायरी, सीटीत गाठ नीट कळत नाही, एमआरआयच करा, तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान होत नाही, आणि सापडली की लगेच ऑपरेशन करून मोकळे व्हा. रोज हेच स्कॅन वाचणं माझं काम आहे, म्हणून उत्तर देते.

कॅन्सरचं आधी. ऑस्टिओमा ही हाडाचीच, सावकाश वाढणारी, साधी गाठ. तिचा कॅन्सर होत नाही. लोक त्या ‘ओमा’ला घाबरतात, पण पाठीवर वर्षानुवर्षं असलेली चरबीची गाठ, लायपोमा, हीसुद्धा ‘ओमा’च आहे की! सायनसच्या साध्या गाठींत ऑस्टिओमा सगळ्यात जास्त आढळतो. बहुतेकदा कपाळातल्या फ्रंटल सायनसमध्ये, त्याखालोखाल दोन डोळ्यांच्या मधल्या एथमॉइडमध्ये. शंभर जणांचे सायनसचे सीटी काढले तर तिघांच्या आसपास तो दिसतो. आलेले असतात सर्दी हटत नाही म्हणून, आणि रिपोर्टमध्ये हे वाचून हादरतात.

‘एमआरआयच करा’ हा मेसेजमधला सगळ्यात चुकीचा सल्ला. महाग तपासणी म्हणजे भारी तपासणी, हा हिशेब इथे उलटा पडतो. एमआरआयला सिग्नल मिळतो तो शरीरातल्या पाण्यातून आणि चरबीतून. टणक हाडात दोन्ही जवळजवळ नसतं, म्हणून ते काळं दिसतं. सायनसमधली हवाही काळीच. म्हणजे काळ्या पोकळीत काळी गाठ! चांगली मोठी गाठ एमआरआयमध्ये हवा समजून निसटू शकते.

सीटीत तीच गाठ दडूच शकत नाही. समोरून घेतलेले पातळ काप एकामागून एक सरकवत नेले की कपाळाच्या काळ्या पोकळीत पांढराशुभ्र खडा उगवतो. साध्या विंडोमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या छटांत, तो नुसता पांढरा ठिपका असतो. हाडासाठीच्या छटा, म्हणजे बोन विंडो, लावली की कडा धारदार होतात, गाठ कुठल्या भिंतीला चिकटली आहे ते दिसतं. मुख्य म्हणजे सायनसचा निचरा होतो ती खालची अरुंद वाट मोकळी आहे की गाठीने बुजवली आहे, तेही समजतं. टणक प्रकार हस्तिदंतासारखा एकसंध असतो, दुसऱ्यात मध्ये जाळीदार, करडा भाग असतो. फायब्रस डिस्प्लेसिया हा वेगळा आजार. त्यात हाडच आतून फुगतं आणि घासलेल्या काचेसारखं धुरकट दिसतं. हे फरक कळायला शिरेतून औषधाचं (कॉन्ट्रास्टचं) इंजेक्शनही लागत नाही. एमआरआय मी सुचवते, पण गाठीमागे कफ साचून फुगा झाला असेल, किंवा ती डोळ्याच्या खोबणीत वा मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली असेल, तेव्हा.

तुकड्याचं म्हणाल, तर कपाळाच्या सायनसमधली हस्तिदंती गाठ सीटीवर इतकी ठरलेली दिसते की आधी बायोप्सीची गरज नसते. ती इतकी कठीण असते की काढायची तर ड्रिल लागतं. चित्र वेगळं असेल, गाठीत मऊ भाग असेल किंवा आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं असेल, तर मात्र तुकडा घ्यायलाच हवा.

ऑपरेशनची घाई? फिनलंडमध्ये 1997 साली या गाठींची वाढ मोजली गेली. सरासरी निघाली वर्षाला 1.6 मिलिमीटर. काही गाठी याहून बऱ्याच भरभर वाढतात, म्हणून लक्ष ठेवायचं. वाट बुजली, डोळा पुढे ढकलला गेला, कफ साचला किंवा कवटीच्या तळाला धक्का पोचू लागला, तर सर्जनकडे जायचं. नुसती डोकेदुखी हे कारण मला नेहमी संशयास्पद वाटतं. डोकं कोणाचं दुखत नाही? गाठ आणि दुखणं एकाच कपाळात असलं म्हणून एकामुळे दुसरं होतंच असं नाही.

गंमत म्हणजे, कॅन्सरची भीती जिथे खरी आहे ती जागा मेसेजवाल्याला माहीतच नाही. ऑस्टिओमा एकाहून जास्त असतील, विशेषतः जबड्यात आणि कवटीवर, तर गार्डनर सिंड्रोमची शंका घ्यावी लागते. हा आजार घराण्यात चालतो. त्यात मोठ्या आतड्यात ढीगभर पॉलिप, म्हणजे आतल्या आवरणावर कोंब, होतात, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर कॅन्सर तिथे होतो. कपाळातली गाठ तेव्हाही साधीच राहते. म्हणून अशा रुग्णाला घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का हे विचारायचं, आणि कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठं आतडं आतून कॅमेऱ्याने बघण्याचा, विचार करायचा.

आणि एक विनंती. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा सीटीला याल तेव्हा जुनी सीडी आणा. रिपोर्टचा कागद नको, सीडीच. एक-दीड मिलिमीटरचा फरक जुना आणि नवा काप शेजारी-शेजारी लावूनच मोजता येतो, आणि बरेच जण ती सीडी फेकून देऊन नुसती प्लास्टिकची पिशवी जपून ठेवतात.