पावसाळ्यातला ‘रेझिस्टंट’

परळच्या कट्ट्यावर वाद पेटला तो सुहासच्या एका वाक्यावरून. विषय होता लॅबमधल्या डिस्क टेस्टचा: जंतू पसरलेल्या आगारच्या (जेलीसारख्या खाद्याच्या) प्लेटवर औषधाची चकती, म्हणजे डिस्क, ठेवायची आणि तिच्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, म्हणजे झोन, मोजायचा; झोन फार लहान आला तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही, म्हणजे रेझिस्टंट. "पाऊस लागला की ई. कोलाय जंतूचे को-अमॉक्सिक्लॅव्ह या अँटिबायोटिकला रेझिस्टंट असल्याचे रिपोर्ट वाढतात. जंतू माजलेत, दुसरं काय!"

"जंतू माजलेत हे खरंच," केतकी म्हणाली, "पण ते काय फक्त जुलैत? आधी डिस्कची कुपी बघ."

"कुपीला काय होतंय? फ्रिजमध्येच असते की."

"तिथंच गोम आहे. थंडगार कुपी बाहेर काढून लगेच उघडली की मुंबईच्या दमट हवेतलं पाणी डिस्कवर धरतं. को-अमॉक्सिक्लॅव्हमधल्या क्लाव्ह्युलॅनिक ॲसिडला, म्हणजे अमॉक्सिसिलिनला जंतूपासून वाचवणाऱ्या साथीदाराला, ओलावा अजिबात सोसत नाही; ते खराब झालं की झोन उगाच लहान येतो. कुपी बंद ठेवूनच तास-दोन तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मग उघडायची. आत सिलिका जेल हवंच."

"तसं असतं तर कंट्रोलमध्ये, म्हणजे माहितीतल्या जंतूवरच्या चाचणीत, कळलं असतं. एटीसीसी 25922 या ठरलेल्या ई. कोलायचा झोन तर 20 मिमी येतो, एकदम रेंजमध्ये."

"येणारच!" महेश मध्येच म्हणाला. "25922 कडे अमॉक्सिसिलिन तोडणारं बीटा-लॅक्टमेज एन्झाइम कुठंय? क्लाव्ह्युलॅनेट पार गेलं तरी उरलेल्या अमॉक्सिसिलिननं तो मरतो. त्यासाठी 35218 हा दुसरा ठरलेला ई. कोलाय लावायचा. तो टेम-1 नावाचं बीटा-लॅक्टमेज बनवतो. त्याचा झोन 17 ते 22 मिमीत बसला, तरच क्लाव्ह्युलॅनेट शाबूत."

मला हाच मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. रिपोर्टवर खोटा ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, छापला गेला की डॉक्टर विनाकारण मेरोपेनेमसारख्या राखीव औषधापर्यंत जाऊ शकतात.

सुहास हटेना. "आणि आगार जाड ओतला असेल तर?"

"तरी झोन लहानच येतो," केतकी म्हणाली. "90 मिमीच्या प्लेटला म्युलर-हिंटन आगार साधारण 25 मिली, म्हणजे जाडी 4 मिमी. जंतूंचं सस्पेन्शन 0.5 मॅकफार्लंड, म्हणजे ठरलेल्या गढूळपणाचं, नजरेच्या अंदाजानं नाही. ते 15 मिनिटांत वापरायचं, स्वॅब नळीच्या कडेला दाबून निथळायचा, तीन दिशांनी फिरवायचा. डिस्क ठेवल्यावर 15 मिनिटांच्या आत प्लेट उलटी करून 35 अंशांना, 16 ते 18 तास. सस्पेन्शन दाट झालं तरी खोटा रेझिस्टन्स दिसतो."

"बरं, पण सिप्रोचा झोन 24 आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा 18 आला, तर सिप्रोच भारी ना?"

"छे! सीएलएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या सध्याच्या तक्त्यात ई. कोलायला सिप्रो 26 पासून सेन्सिटिव्ह, म्हणजे 24 हा ना सेन्सिटिव्ह ना रेझिस्टंट, मधलाच. नायट्रोला 17 पुरतात. प्रत्येक रेणू आगारात वेगळ्या वेगानं पसरतो, डिस्कमधली मात्राही वेगळी. दोन औषधांचे मिलिमीटर एकमेकांशी ताडायचेच नसतात. कोलिस्टिन तर इतकं कमी पसरतं की त्याला डिस्क लावूच नये, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच, म्हणजे द्रवात औषधाच्या उतरत्या मात्रांची चाचणी, करावं."

"म्हणजे 35218 रोज लावायचा? खर्च वाढतो गं."

"सुरुवातीला रोजच. ठरलेले दिवस सलग रेंजमध्ये आला की आठवड्यातून एकदा चालतो. पण डिस्कचा नवा लॉट आला की पेशंटच्या प्लेटवर जाण्याआधी 35218 वर."